शिवी कुणाला ऐकू आली?

२२ जानेवारी २०१९ रोजी डर्बनच्या किंग्जमीड मैदानावर दक्षिण आफ्रिका आणि पाकिस्तान यांच्यातला दुसरा एकदिवसीय सामना चालू होता. २०४ धावांचा पाठलाग करताना यजमानांची ५ बाद ८० अशी अवस्था झाली होती, आणि तिथून रासी व्हॅन डर ड्युसेन व अँडिले फेहलुकवायो या जोडीने सामना हळूहळू पाकिस्तानच्या हातून काढून घेतला. फेहलुकवायोने गोलंदाजीत आधीच ४ बळी घेतले होते आणि आता तो बादही होत नव्हता. पाकिस्तानचा कर्णधार व यष्टिरक्षक सर्फराझ अहमद वैतागून यष्ट्यांमागून उर्दूत काहीतरी बोलला आणि ते स्टम्पमधल्या मायक्रोफोनने टिपले. 'अबे काले' अशी हाक मारून, तुझी आई आज कुठे बसली आहे, आज काय पढवून आला आहेस, असे तो फेहलुकवायोला विचारत होता. समालोचन कक्षात माइक हेझमन यांनी शेजारी बसलेल्या रमीझ राजांना विचारले, हा काय म्हणतो आहे? वाक्य फार लांब आहे, भाषांतर करणे कठीण आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन रमीझ यांनी विषय टाळला.

वाक्य मुळीच लांब नव्हते. मी ती चित्रफीत पाहिली तेव्हा मला त्यातला शब्द न् शब्द कळला, आणि हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या कोणत्याही मराठी माणसाला तो कळला असता. कळला नाही तो फक्त ज्याला उद्देशून बोलला गेला त्याला, म्हणजे फेहलुकवायोला. मैदानावर त्या क्षणी तो पुढच्या चेंडूची वाट पाहत उभा होता. ज्याचा अपमान झाला तो सोडून इतर लाखो लोकांना तो ऐकू आला, अशी ही विचित्र स्थिती होती, आणि व्यावसायिक खेळातल्या वंशद्वेषी शेरेबाजीला शिक्षा कशी करावी या वादाकडे मी तेव्हापासून काहीसा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. सर्फराझने जाहीर माफी मागितली, फेहलुकवायोला भेटून पुन्हा मागितली, त्याने ती स्वीकारली आणि दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार फाफ डू प्लेसी यानेही आम्ही माफ केले आहे असे सांगून टाकले. तरीही आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या वर्णद्वेषविरोधी संहितेखाली सर्फराझवर ४ सामन्यांची बंदी घातली. पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाने यावर नाराजी व्यक्त केली, आणि तिच्यामागचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो: ज्याचा अपमान झाला त्याने माफ केले असेल, तर तिसऱ्याने मध्ये पडून शिक्षा करण्याचे कारण काय? माझ्या मते कारण होते. माफी ही त्या दोघांमधली गोष्ट होती, पण मायक्रोफोनने तो शब्द त्या दोघांपुरता ठेवलाच नव्हता. टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी काळ्या मुलांनी तो ऐकला असेल किंवा दुसऱ्या दिवशी वाचला असेल, आणि त्यांच्या वतीने माफ करण्याचा अधिकार फेहलुकवायोलाही कुणी दिलेला नव्हता.

इथपर्यंत प्रश्न सोपा आहे. एकदा शिक्षा करायची असे ठरले की कोणत्या शब्दाला, कुणाच्या तोंडच्या, कुणी ऐकलेल्या आणि ते कुणी ठरवायचे, असे प्रश्न सुरू होतात, आणि तिथे चांगल्या हेतूची माणसेही एकमेकांविरुद्ध उभी राहतात. अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, २०१४ च्या सुरुवातीला जो वाद झाला तो याचा सर्वांत बोलका नमुना आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

प्रस्ताव असा होता. मैदानावर एखाद्या खेळाडूने 'एन-वर्ड' म्हणून ओळखली जाणारी ती कुप्रसिद्ध शिवी उच्चारली, तर पंचाने लगेच पिवळे फडके फेकून त्याच्या संघाला १५ यार्डांचा दंड द्यावा आणि दुसऱ्यांदा उच्चारली तर खेळाडूला मैदानाबाहेर काढावे. या खेळात दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि त्या दहा यार्डांसाठी माणसे हाडे मोडून घेतात, हे लक्षात घेतले की १५ यार्ड म्हणजे काय ते कळते. प्रस्तावामागे फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स ही संघटना होती. फ्रिट्झ पोलार्ड हे १९२१ मध्ये अ‍ॅक्रन संघाचे प्रशिक्षक झाले आणि या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले; त्यांच्या नावाने चालणारी ही संघटना लीगमधल्या प्रशिक्षक व अधिकारी पदांवर कृष्णवर्णीयांना संधी मिळावी म्हणून काम करते. तिचे तेव्हाचे प्रमुख जॉन वुटन हे १९६० च्या दशकात क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळलेले खेळाडू. ज्या काळात तो शब्द प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून, प्रेक्षकांतून आणि रस्त्यावरूनही यायचा, त्या काळात ते मैदानात उतरत होते. त्यांच्या दृष्टीने या शब्दाचा दुसरा कोणताही अर्थ संभवत नव्हता.

सर्वांत तिखट विरोध केला तो तरुण कृष्णवर्णीय खेळाडूंनी. सिअ‍ॅटल सीहॉक्सचा बचावपटू रिचर्ड शर्मन नुकताच सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून आला होता. ही कल्पना भयंकर आहे आणि मला तर ती स्वतःच जवळजवळ वंशद्वेषी वाटते, अशा आशयाचे विधान त्याने केले. त्याचे म्हणणे असे की हा शब्द कपडे बदलण्याच्या खोलीत आणि मैदानावर सतत कानावर पडतो, आणि त्याच्या शेवटच्या अक्षराचा उच्चार बदलला की त्याचा अर्थ बदलतो. एका उच्चारात तो शिवी असतो, दुसऱ्या उच्चारात काळी माणसे एकमेकांना हाक मारतात तेव्हाचे संबोधन असतो. लीगमधले सुमारे दोन तृतीयांश खेळाडू कृष्णवर्णीय होते, ३२ संघांपैकी एकाचाही बहुसंख्य मालक कृष्णवर्णीय नव्हता, आणि हा नियम जसाच्या तसा लागू झाला असता तर दंडाचे फडके सर्वाधिक वेळा पडले असते ते ज्यांच्या रक्षणासाठी तो केला त्यांच्याच अंगावर. वुटन आणि शर्मन यांच्यात सुमारे पन्नास वर्षांचे अंतर आहे आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, असे मला वाटते.

पण प्रस्तावाची खरी अडचण निराळीच होती आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. त्या काळात हा विषय तापला तो मुख्यतः दोन प्रकरणांमुळे. २०१३ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया ईगल्सचा गोरा खेळाडू रायली कूपर एका संगीत कार्यक्रमात तो शब्द उच्चारताना चित्रफितीत दिसला. त्याच वर्षी मायामी डॉल्फिन्सचा जोनाथन मार्टिन संघ सोडून निघून गेला आणि सहकारी रिची इन्कॉग्निटोने त्याच्या फोनवर ठेवलेला निरोप उजेडात आला. त्यातही तोच शब्द होता. लीगने नेमलेले वकील टेड वेल्स यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये जो चौकशी अहवाल दिला, त्यात मार्टिनचा कसा छळ झाला याचे पानोपानी वर्णन आहे. एक प्रकरण संगीताच्या कार्यक्रमातले, दुसरे फोनवरचे आणि संघाच्या आतले. पंचाचे पिवळे फडके या दोन्हींपैकी कुठेही पोहोचले नसते. ज्या जखमांमुळे नियमाची मागणी झाली त्या जखमा मैदानावर झालेल्याच नव्हत्या, आणि नियम मात्र फक्त मैदानावर, चेंडू खेळात असतानाच्या धुमश्चक्रीत, एकावर एक पडलेल्या बावीस माणसांच्या घोळक्यातून नेमका कुणाचा आवाज कोणत्या अक्षरावर संपला हे पंचाने क्षणात ठरवावे अशी अपेक्षा करत होता.

मार्च २०१४ मध्ये लीगच्या स्पर्धा समितीने नवा नियम करण्याची गरज नाही असे ठरवले. खेळभावनेविरुद्धच्या वर्तनाचा नियम होताच, आणि अर्वाच्य भाषेसाठी तोच अधिक काटेकोरपणे वापरा, अशी सूचना पंचांना गेली. त्याचा परिणाम सप्टेंबरमध्येच दिसला. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो यांच्या सामन्यात कॉलिन कॅपरनिकवर, जो स्वतः कृष्णवर्णीय वडिलांचा मुलगा, प्रतिस्पर्धी कृष्णवर्णीय खेळाडूशी अनुचित भाषेत बोलल्याबद्दल फडके पडले. आपण तसे काही बोललोच नाही, असे त्याचे म्हणणे होते. शर्मनचे भाकीत खरे ठरायला एवढा कमी वेळ लागावा याचे मला आजही नवल वाटते. आणि हे सगळे चालू असताना लीगमधल्या वॉशिंग्टनच्या संघाचे नाव अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठीची शिवी होते, टोप्यांवर आणि सदऱ्यांवर छापून ते विकले जात होते आणि आयुक्त रॉजर गुडेल त्याचे समर्थन करत होते. ते नाव बदलायला २०२० साल उजाडावे लागले. खेळाडूच्या तोंडचा शब्द पंचाने पकडावा आणि संघाच्या छातीवरचा शब्द मात्र ट्रेडमार्क म्हणून जपावा, या विसंगतीवर तेव्हा अनेकांनी बोट ठेवले होते आणि ते योग्यच होते.

शर्मनच्या युक्तिवादात तथ्य आहे असे मी म्हणतो, पण तो जसाच्या तसा उचलून दुसरीकडे नेला की फसतो. 'आम्ही आपसात असेच बोलतो, त्यात प्रेम असते' हे वाक्य कुणाच्या तोंडी आहे यावर सगळे अवलंबून आहे. वेस्ट इंडीजला दोनदा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार डॅरेन सॅमी याने जून २०२० मध्ये सांगितले की आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'काळू' म्हटले जायचे. या शब्दाचा अर्थ काहीतरी दमदार, बलवान असा असावा असे त्याला वाटत होते. एका कार्यक्रमात खरा अर्थ कळला तेव्हा तो संतापला. नंतर एका जुन्या सहकाऱ्याशी त्याचे बोलणे झाले आणि जे म्हटले गेले ते प्रेमापोटी होते हे आपण मान्य करतो, असे त्याने जाहीर केले.

हे प्रकरण मी अनेकदा डोक्यात घोळवले आहे. 'काळ्या', 'काळू' ही हाक आपल्याकडे मित्राला मारली जाते आणि तो रागावत नाही, हे खरे आहे. निदान रागावल्याचे दाखवत नाही, एवढे तरी नक्कीच खरे. पण सॅमीच्या बाबतीत जे घडले त्यात मैत्रीची एक मूलभूत अट पाळली गेली नव्हती. त्याला शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. शर्मन आणि त्याचा सहकारी एकमेकांना जो शब्द म्हणतात तो दोघांनाही कळतो, दोघांनाही परत म्हणता येतो, आणि दोघांच्याही आजोबांनी तो सोसलेला असतो. ड्रेसिंग रूममध्ये दहा जणांना कळणारा आणि अकराव्याला न कळणारा शब्द त्याच अकराव्याच्या कातडीवरून त्याला चिकटवायचा आणि तो हसला की आपणही हसायचे, याला प्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या प्रकरणात कुणालाच शिक्षा झाली नाही. व्हायला हवी होती का? इतक्या वर्षांनंतर, तक्रारीविना, मला वाटते नाही. पण प्रेमाचा हवाला दिल्याने प्रश्न मिटतो असेही मला वाटत नाही.

युरोपातल्या फुटबॉलने हा 'आमच्या भाषेत असे चालते' युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकला आहे. १५ ऑक्टोबर २०११ रोजी लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या सामन्यात लिव्हरपूलचा उरुग्वेचा खेळाडू लुईस सुआरेझ आणि युनायटेडचा कृष्णवर्णीय खेळाडू पॅट्रिस एव्हरा यांच्यात गोलपोस्टसमोर स्पॅनिशमध्ये बाचाबाची झाली. 'नेग्रो', म्हणजे काळा, हा शब्द आपण एकदा वापरला हे सुआरेझने मान्य केले, पण उरुग्वेत तो सर्रास आणि सलगीने वापरला जातो, असा त्याचा बचाव होता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या आयोगाने मग जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्याने स्पॅनिशच्या लॅटिन अमेरिकी वापराचे दोन तज्ज्ञ बोलावले आणि त्यांना विचारले की हा शब्द केव्हा सलगीचा असतो आणि केव्हा नसतो. तज्ज्ञांचे उत्तर असे होते की मित्रामित्रांत तो सलगीचा असू शकतो. पण भांडण चालू असताना, ज्याच्याशी कसलीही ओळख-मैत्री नाही अशा माणसाला, चिमटा काढत तो म्हटला तर उरुग्वेतही त्याचा अर्थ शिवीच होईल. ११५ पानांच्या अहवालात हे सविस्तर आले आहे. आयोगाने सुआरेझ तो शब्द एकदा नव्हे तर सात वेळा बोलला असा निष्कर्ष काढला आणि ८ सामन्यांची बंदी व ४०,००० पौंड दंड केला. भाषेचा हवाला देणाऱ्याला आयोगाने त्याच भाषेच्या आधारे उत्तर दिले.

याच असोसिएशनने २०२० मध्ये मात्र तेवढी तसदी घेतलेली दिसत नाही. मँचेस्टर युनायटेडचा एडिन्सन कव्हानी, तोही उरुग्वेचाच, साउथहॅम्प्टनविरुद्ध सामना जिंकून दिल्यावर इन्स्टाग्रामवर अभिनंदन करणाऱ्या मित्राला 'ग्रासियास नेग्रितो', म्हणजे 'धन्यवाद, काळू', असे उत्तर देऊन मोकळा झाला. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ काय होतो हे कळताच त्याने ते काढून टाकले आणि माफी मागितली. तरीही त्याच्यावर ३ सामन्यांची बंदी आली आणि १,००,००० पौंड दंड झाला. उरुग्वेच्या भाषा अकादमीने जाहीर निषेध केला. सुआरेझच्या वेळी कामी आलेली कसोटी इथे लावली असती, म्हणजे भांडण होते का, ओळख होती का, ज्याला म्हटले त्याला काय वाटले, तर कव्हानीला समज देऊन सोडता आले असते. दोन्ही निकालांत शब्द जवळजवळ एकच आहे. पण पहिल्या निकालात माणसे पाहिली गेली आणि दुसऱ्यात नुसता शब्द. शब्दांची यादी भिंतीवर टांगून शिक्षा वाटायला लागले की नेमके हेच होते, आणि त्याचा तोटा असा की पुढच्या खऱ्या प्रकरणात आरोपी कव्हानीचे नाव घेऊन सहानुभूती मिळवतो.

तरीही 'आमच्या भाषेत तो साधा वर्णनाचा शब्द आहे' एवढ्यावर कुणी सुटू नये, असेच मला वाटते, आणि त्याचे कारण पॅरिसमधली एक रात्र आहे. ८ डिसेंबर २०२० रोजी पॅरिस सेंट जर्मेन आणि इस्तंबूल बाशाकशेहिर यांच्यातला चॅम्पियन्स लीगचा सामना अवघ्या चौदा मिनिटांत थांबला. बाशाकशेहिरचे सहायक प्रशिक्षक पिअर वेबो, हे कॅमेरूनचे माजी खेळाडू, सीमारेषेजवळ आरडाओरडा करत होते. त्यांना शिस्त लावावी म्हणून चौथे पंच सेबास्टियन कोल्तेस्कू यांनी मुख्य पंचाला रोमेनियन भाषेत सांगितले की तो तिकडचा काळा. रोमेनियनमध्ये 'नेग्रू' म्हणजे काळा, बस्स. वेबो भडकले. राखीव खेळाडूंच्या बाकावरून डेम्बा बा उठून आला आणि त्याने पंचांना उभ्या उभ्या जो प्रश्न विचारला तो टीव्हीच्या मायक्रोफोनवर जगभर ऐकू गेला: गोऱ्या माणसाकडे बोट दाखवताना तुम्ही 'तो गोरा' कधी म्हणत नाही, 'तो माणूस' म्हणता, मग काळ्या माणसालाच 'तो काळा' का? प्रेक्षागृह महासाथीमुळे रिकामे होते, म्हणून प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. दोन्ही संघ मैदान सोडून गेले आणि सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांच्या हाताखाली पूर्ण झाला.

कोल्तेस्कू यांच्या मनात द्वेष होता असे मी म्हणणार नाही. युरोपातल्या फुटबॉलची संघटना युएफा हिनेही त्यांना अयोग्य वर्तनाबद्दल मोसम संपेपर्यंत निलंबित केले, त्याहून कठोर कारवाई केली नाही, आणि तो निर्णय मला तोलून-मापून घेतलेला वाटतो. हेतूचा विचार शिक्षा किती करायची हे ठरवताना व्हावा. चूक झाली की नाही हे ठरवताना तो मध्ये आणू नये. डेम्बा बाच्या प्रश्नाला त्या रात्री मैदानावर उभ्या असलेल्या चारही पंचांपैकी कुणाकडे उत्तर नव्हते, आणि सदरे, क्रमांक, टोप्या, जागा अशा दहा खुणा हाताशी असताना नजर सर्वांत आधी कातडीवरच का गेली, हे आपल्यापैकी कुणालाही सहज सांगता येईल असे वाटत नाही.

आता पुराव्याकडे येतो, आणि इथे मला माझ्याबद्दलच थोडे कडू बोलायचे आहे. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत हरभजनसिंगने अँड्र्यू सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंची साक्ष ग्राह्य धरून ३ कसोटींची बंदी घातली. भारतीय संघाने दौरा सोडून देण्यापर्यंत गोष्टी ताणल्या. अपिलात न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर सचिन तेंडुलकरने साक्ष दिली, हरभजन हिंदीत एक वेगळीच शिवी देत होता आणि तिचा ध्वनी इंग्रजी कानाला 'मंकी'सारखा वाटू शकतो असा मुद्दा पुढे आला, वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही आणि साध्या अर्वाच्य भाषेबद्दल सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंडावर प्रकरण मिटले. नंतर असेही उघड झाले की हरभजनच्या आधीच्या गुन्ह्यांची पूर्ण नोंद हॅन्सन यांच्यासमोर ठेवलीच गेली नव्हती.

त्या महिन्यात मी कुठल्या बाजूला होतो हे सांगायची गरज नसावी. आईवरून दिलेली शिवी हा बचावाचा पुरावा ठरावा आणि त्यावर आपण सुटकेचा निःश्वास टाकावा, यात काही विनोदी आहे हेसुद्धा तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. तीनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००७ मध्ये, वडोदरा आणि मुंबई इथल्या सामन्यांत प्रेक्षकांनी सायमंड्सला उद्देशून माकडाचे आवाज काढले होते, आणि ते मला माहीत होते. सिडनीत तो शब्द उच्चारला गेला की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, आणि जे सिद्ध झाले नाही ते मी कुणाच्या माथी मारणार नाही. पण तो उच्चारला गेला असणे शक्यच नाही, अशी जी खात्री मी तेव्हा बाळगून होतो, तिचा पुराव्याशी काहीही संबंध नव्हता. ती खात्री टोपीच्या रंगातून आली होती. लिव्हरपूलच्या खेळाडूंनी डिसेंबर २०११ मध्ये सुआरेझचे चित्र असलेले टी-शर्ट घालून सराव केला तेही याच खात्रीतून. त्यांच्यापैकी जेमी कॅराघर याने २०१९ मध्ये टीव्हीच्या कार्यक्रमात एव्हराच्या शेजारी बसून, आम्ही चुकलो, असे कबूल केले.

पुरावा किती लागतो हाही प्रश्न आहेच. प्रतिस्पर्धी संघातल्या कृष्णवर्णीय अँटन फर्डिनांडला वंशद्वेषी शिवी दिल्याच्या आरोपातून चेल्सी या फुटबॉल संघाचा कर्णधार जॉन टेरी जुलै २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयात निर्दोष सुटला, कारण फौजदारी खटल्यात संशयाला जागा उरता कामा नये आणि ती उरली. त्याच प्रसंगाबद्दल सप्टेंबरमध्ये फुटबॉल असोसिएशनने त्याला ४ सामन्यांची बंदी आणि २,२०,००० पौंड दंड केला, कारण तिथे काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे एवढेच पाहायचे होते. अनेकांना हा अन्याय वाटला. मला वाटला नाही. न्यायालय माणसाला गुन्हेगार ठरवते आणि खेळाची संघटना त्याला काही शनिवार घरी बसवते, या दोन गोष्टींचे वजन सारखे नाही, म्हणून पुराव्याचे वजनही सारखे असण्याचे कारण नाही. याही प्रकरणात फर्डिनांडने मैदानावर तो शब्द ऐकलाच नव्हता. चित्रीकरण पाहिल्यावर त्याला कळले.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलने १९९५ मध्ये वेगळी वाट काढून पाहिली होती. मूळ रहिवासी समाजातला खेळाडू मायकेल लाँग याने प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तक्रार केल्यावर तिथल्या लीगने 'नियम ३०' आणला, आणि त्यात आधी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्यावर भर होता. ऐकायला ते शहाणपणाचे वाटते. पण समेटाच्या बैठकीत ज्याचा अपमान झाला त्यालाच पुन्हा सगळे सांगावे लागते, समोरच्याला समजून घ्यावे लागते आणि शेवटी हातही मिळवावा लागतो. लाँग त्या पहिल्या समेटावर समाधानी नव्हता.

म्हणून मी फिरून चौकशीच्या बाजूनेच येतो: सामना संपल्यावर, निवांत, दोन्ही बाजू ऐकून, लागेल तिथे भाषातज्ज्ञ बोलावून केलेली सुनावणी, आणि आरोप सिद्ध झाला तर बोचेल अशी बंदी. त्या वेळीच शिट्टी वाजवून यार्ड कापण्यापेक्षा हे संथ आहे, पण यात शर्मनचा सहकारी आणि सर्फराझ यांच्यात फरक करता येतो. याची मर्यादाही मला दिसते आणि ती ग्लासगोतल्या एका प्रसंगाने फार स्पष्ट होते.

१८ मार्च २०२१ रोजी रेंजर्स आणि स्लाव्हिया प्राग यांच्यातल्या युरोपा लीगच्या सामन्यात, शेवटच्या काही मिनिटांत, प्रागचा बचावपटू ओंद्रेय कुदेला रेंजर्सच्या ग्लेन कमारापाशी चालत आला. त्याने आपला हात तोंडावर आडवा धरला, कमाराच्या कानाशी वाकला आणि काहीतरी पुटपुटला. कमारा जागच्या जागी उसळला. त्याच्या म्हणण्यानुसार त्याला माकड म्हटले गेले होते. कुदेलाच्या म्हणण्यानुसार त्याने साधी शिवी दिली होती, वंशाचा उल्लेख केला नव्हता. मायक्रोफोनने काही टिपले नव्हते आणि ओठ झाकलेले होते. युएफाने कमाराचे ऐकले आणि कुदेलावर १० सामन्यांची बंदी घातली, त्यामुळे त्याची युरो स्पर्धाही हुकली. सामन्यानंतर मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात कुदेलावर हात उगारल्याबद्दल कमारालाही ३ सामने बाहेर बसावे लागले.

त्या चित्रफितीत शिवी ऐकू येत नाही. दिसतो तो फक्त तोंडावर आडवा धरलेला हात, आणि जो माणूस साधीच शिवी देणार होता त्याला तो हात का लागला, हा प्रश्न.